शेरा: निरंक

एकतीस वर्षं, सकाळी आठला
कोसमघाटच्या धरणावर उभं राहून
मी पाण्यातली पट्टी वाचली.
मीटर, दशांश, शतांश.
निळ्या शाईत आकडा, त्यापुढं सही,
शेवटच्या रकान्यात शेरा: निरंक.
समोरच्या जंगलाकडं मान वर करून बघावं
असं त्या नोंदवहीत कुठंच लिहिलेलं नव्हतं.

निवृत्तीला दीड महिना झाला तेव्हा बायको म्हणाली,
जा कुठंतरी, दिवसभर पायात येता.
म्हणून भादवा सरताना, धान पोटरीवर असताना,
जैवंता कुमरेच्या मागं निघालो.
तिच्या हातात कोयता,
माझ्या हातात खात्याची छत्री
आणि पोळी-चटणीचा डबा.

पायवाट अशी नव्हतीच.
ती चालायची तिथं वाट व्हायची,
मी पोचेपर्यंत गवत पुन्हा उभं.
पुढं एक डहाळी हलवत राहायची ती, जाळ्यांसाठी.
"कोळ्यानं रातभर काम केलं रायते, साहेब,
तोंडानं नोका तोडू."

पांढरझिरी आधी ऐकू आली,
ऐनाच्या खोडांमागं कुणी तांदूळ पाखडत असल्यासारखी.
मग दिसली. पंधरा फूट असेल.
मी सवयीनं रुंदी बघितली, वेग बघितला,
मनात गुणाकार सुरू केला.
जैवंतानं पाय धुतले, चूळ भरली,
आणि विचारलं, "जमला का हिशेब?"

हत्तीखोजला जाताना काळा दगड शेवाळलेला.
तिथं मी बसून घसरत उतरलो,
पँटची शिवण गेली,
साठीतल्या माणसानं हसावं तसा नाही,
भलताच हसलो.
खाली कुंडात पाणी इतकं थंड
की दाढेतली जुनी कळ उठली.
वाटेत खात्याचा एक दगड भेटला, हद्दीचा,
अक्षरं दगडफुलानं खाल्लेली.
त्याच्यावर बेडूक बसला होता, शांत,
रुजू झाल्यासारखा.

मामाभाच्यापाशी डबा उघडला.
दोन धारा, एक जाड, एक केसाएवढी,
वाऱ्यानं भाचा मामाच्या अंगावर जायचा.
जैवंतानं पानात बांधून आणलेल्या
सात्या दिल्या, तिखट, अजून कोमट.
तोंड पुसत मी म्हणालो, झाले ना तिन्ही?

"चार हायेत."
कोयत्याच्या टोकानं तिनं खालचा जलाशय दाखवला,
जिथं वठलेल्या बीजाच्या शेंड्यावर
पाणकावळा पंख वाळवत होता.
"थ्या झाडाच्या खाली. ताकघुसळ.
माझी आजी त्याच्या अंगणात भाताचं रोवन करे.
आवाजावरून सांगे, आज लोनी येईन का नाई."

मी बराच वेळ काही बोललो नाही.
"तुमी कधी पाह्यला?"
"पाह्यला ना. ज्या साली तलाव पार आटला,
जूनात नाल्याले दोन दिस पानी आलं,
तवा वाजला. आमी सारे ऐकाले गेलतो.
म्हाताऱ्या त थेच बसून रायल्या रातभर."

ते साल मला पाठ आहे.
दोनशे एकतीस पूर्णांक शून्य पाच.
माझ्या हातचा सगळ्यात खालचा आकडा.
कार्यकारी अभियंत्यांना फोन केला होता,
शाई फिकी होती म्हणून दोनदा गिरवला होता,
आणि पलीकडं, दोन किलोमीटरवर,
अख्खं गाव चिखलात बसून ऐकत होतं.
शेरा: निरंक.

उतरताना अंधारलं. धरणावर नवा पोरगा,
हेमराज, मोबाइलच्या उजेडात पट्टी बघत होता.
किती, मी विचारलं.
"दोनशे त्रेचाळीस साठ, काका."
बारा मीटर पंचावन्न, मी मनात म्हटलं.
पाणी एकदम सपाट होतं. एक मासा उडाला.

घरी आल्यावर लक्षात आलं,
छत्री हत्तीखोजला राहिली.
बायको म्हणाली, जाऊ द्या, जुनीच होती.
नाही, म्हटलं, खात्याची आहे,
उद्या आणायला जातो.